एका मैदानात किती बल्लारपूर मावतं?

२०११ च्या जनगणनेत बल्लारपूरची लोकसंख्या ८९,४५२ भरली. नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमची क्षमता ४५,००० च्या घरात आहे. म्हणजे पेपर मिलच्या कॉलनीपासून कोळसा खाणीच्या वसाहतीपर्यंत, अंगावरच्या लेकरांसकट अख्खं गाव उचलून दोन खेपांत तिथं नेऊन बसवलं, तरी दोन्ही खेपा मिळून ५४८ खुर्च्या रिकाम्या उरतात. त्या राजुऱ्याच्या पाहुण्यांना देऊन टाकू.

नेणार कसं, हा प्रश्न खरा. बल्लारपूरचं स्टेशन म्हणजे बल्लारशाह जंक्शन, आणि जंक्शनच्या माणसाला डब्यांत हिशेब करायची सवय असते, म्हणून तसाच करू. जुन्या बनावटीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ. ४५,००० भागिले ७२ म्हणजे बरोबर ६२५, बाकी शून्य. चोवीस डब्यांची एक गाडी धरली तर सव्वीस गाड्या भरतात आणि वर एक डबा उरतो. डब्याची लांबी सव्वाबावीस मीटरच्या आसपास. सगळे एकाला एक जोडून रुळावर उभे केले, तर रांग जवळपास चौदा किलोमीटरची होते. इंजिन चंद्रपूर स्टेशनात पोचलेलं असेल आणि शेवटचा डबा अजून बल्लारशाहच्या फलाटाला. ही रांग एका स्टेडियमची, आणि तेही आकारानं देशातल्या पहिल्या पाचांत नसलेल्या. अहमदाबादच्या मैदानात १,३२,००० माणसं बसतात. तिथं सगळं बल्लारपूर एका खेपेत बसेल आणि उरलेल्या साडेबेचाळीस हजार खुर्च्यांत जामठाही जवळजवळ मावून जाईल.

एवढी माणसं बघतात काय? खेळपट्टी. ती २२ यार्ड लांब, म्हणजे २०.१२ मीटर, आणि १० फूट रुंद, म्हणजे ३.०५ मीटर. गुणाकार ६१ चौरस मीटरांच्या थोडा वर जातो. चांगल्या दोन खोल्यांच्या घराएवढी जागा. जामठा खच्चून भरला की तिच्या एकेका चौरस मीटरवर सव्वासातशेहून जास्त माणसांचे डोळे लागलेले असतात. भोवतालचं मैदान सोबतीला असतंच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ यार्डांपेक्षा जवळ आणि ९० यार्डांपेक्षा लांब नसावी. सोयीसाठी सरासरी ७५ मीटरची त्रिज्या धरली, तर मैदान १७,६७१ चौरस मीटरचं होतं, जवळपास चार एकर पंधरा गुंठे. खेळपट्टी त्याचा २८८ वा भाग. पाच दिवस जो काही निकाल लागायचा, तो एकरांत मोजलेल्या त्या हिरवळीतल्या या २८८ व्या हिश्श्यावर लागतो. बाकीची हिरवळ चेंडू अडवायला.

क्रिकेट जागेच्या बाबतीत किती उधळं आहे, हे आपल्या मातीतल्या खेळांशेजारी ठेवल्यावर कळतं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, १३० चौरस मीटर. वरच्या हिशेबातल्या एका क्रिकेट मैदानाच्या क्षेत्रफळात अशी १३५ मैदानं बसतात. एकेका मैदानावर दोन संघांचे चौदा गडी धरले तर १,८९० जण एकाच वेळी खेळतील. तेवढ्याच जागेत क्रिकेटचे तेराच जण असतात, अकरा क्षेत्ररक्षक आणि दोन फलंदाज. त्या तेरांतलेही निम्मे बहुतेक वेळ नुसते उभे. खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं पारंपरिक मैदान घेतलं तर क्षेत्रफळाच्या हिशेबानं चाळीस मैदानं निघतात. मला क्रिकेट आवडतं, पण जमिनीचा हिशेब तलाठ्याकडं दिला तर तो कबड्डीच्याच बाजूनं निकाल देईल.

बल्लारपूरला खेळाचं मोठं ठिकाण नाही असं नाही. विसापूरला तालुका क्रीडा संकुल आहे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस तिथं राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, आणि देशभरातली पोरं बल्लारशाहला गाडीतून उतरली. धावण्याचा प्रमाणित मार्ग ४०० मीटरचा असतो. त्याच्या आतली मोकळी जागा सुमारे १०,३०० चौरस मीटर भरते आणि तिची रुंदी फक्त ७३ मीटर. आपण धरलेलं क्रिकेट मैदान दीडशे मीटर रुंद आहे. म्हणजे धावमार्गाच्या पोटात पूर्ण मापाचं क्रिकेट मैदान बसतच नाही, कितीही ओढाताण केली तरी. एकाच संकुलात सगळे खेळ, असं भाषणात ऐकायला बरं वाटतं, पण भूमिती ते मान्य करत नाही. क्रिकेटला स्वतःचं वेगळं रान लागतं.

आणि रान तर आमच्याकडंच. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यात १७,६७१ चौरस मीटरची क्रिकेट मैदानं आखत बसलो, तर आठ लाख पंधरा हजार मैदानं होतील. २०११ ची लोकसंख्या १०,७२,९४२. एका मैदानाच्या वाट्याला सरासरी १.३ माणूस येतो. दोन फलंदाजही भरत नाहीत! एक जण खेळायला उभा राहील, गोलंदाज शेजारच्या मैदानातून मागवावा लागेल, आणि पंचाला नदी ओलांडून यावं लागेल. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग जंगल आहे, तेव्हा प्रत्यक्षात हा हिशेब आणखी विरळ होतो. बहुतेक मैदानांवर क्षेत्ररक्षणाला सागवान, ऐन आणि मोह.

उलट बाजूनं बघू. जामठ्यात बसणारी ४५,००० माणसं गडचिरोलीच्या सरासरीनं, चौरस किलोमीटरला चौऱ्याहत्तर, अशी पसरून बसवली तर त्यांना सुमारे ६०० चौरस किलोमीटर जागा लागेल. ताडोबा राष्ट्रीय उद्यान ११६.५५ चौरस किलोमीटर आणि अंधारी अभयारण्य ५०८.८५. दोन्हींची बेरीज ६२५.४०. म्हणजे भरलेलं जामठा आमच्या पद्धतीनं मोकळं सोडलं, तर ताडोबा-अंधारीचं गाभा क्षेत्र जवळपास सगळं व्यापतं. तेवढीच माणसं क्रिकेटच्या दिवशी एका कड्यात कोंबलेली असतात, पाठीला गुडघे लावून. स्टेडियमच्या आकड्याचा दरारा आकारात नाही, दाटीत आहे. आकार बघायचा तर गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या पुढं जावं.

कागदाचाही हिशेब होऊन जाऊ द्या, कारण या गावात तो टाळणं बरं दिसत नाही. बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉबोर्ड मिल्स १९४५ ची. थापर समूहाची ही कंपनी पुढं गावाचं नाव घेऊनच जगभर गेली. छपाईचा साधा कागद चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा. त्यानं आपलं सगळं मैदान, सीमारेषेपासून सीमारेषेपर्यंत, एकदा झाकायचं तर १,४१४ किलो कागद लागतो. दीड टनही नाही. एका लहान टेम्पोचं काम. ए-फोरच्या एका पानात सहा तिकिटं बसवली, तर ४५,००० तिकिटांना ७,५०० पानं, साडेसदतीस किलो. ज्या तिकिटासाठी माणसं रात्र रात्र रांगेत उभी राहतात, ती सगळ्या स्टेडियमची तिकिटं एक हमाल पाठीवर घेऊन जाईल. आता दुसऱ्या टोकाला जाऊ. मोठ्या कागद कारखान्यांचं वर्षाचं उत्पादन लाख टनांत मोजतात. एक लाख टन कागद पसरला तर १,२५० चौरस किलोमीटर झाकले जातात, म्हणजे सत्तर हजार मैदानं, किंवा दोन ताडोबा-अंधारी. असल्या आकड्यांशेजारी क्रिकेटचं मैदान गुमान बसतं.

पावसाशेजारीही. एक मिलिमीटर पाऊस पडला की या मैदानावर १७,६७१ लिटर पाणी येतं, दहा हजार लिटरचे जवळपास पावणेदोन टँकर. वर्षाचा १,२०० मिलिमीटर धरला तर दोन कोटी बारा लाख लिटर. ऐकायला प्रचंड. पण शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरांचा निकष बल्लारपूरला लावला, तर गावाला रोज एक कोटी वीस लाख लिटर लागतात. मैदानावर पडलेला वर्षभराचा पाऊस गावाला दोन दिवसही पुरत नाही.

इतका वेळ हिशेब जागेचा झाला. खरी गंमत फलकावरच्या आकड्यांत आहे, आणि त्यासाठी आधी नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर जावं लागेल.

तिथली पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मधली, न्यूझीलंडविरुद्ध. भारत १६७ धावांनी हरला. पुढची कसोटी आली १९८३ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध. मध्ये चौदा वर्षं! पहिली कसोटी बघून भारावलेला शाळकरी पोरगा दुसरीला बापाचा हात धरून नाही, स्वतःचं पोर खांद्यावर घेऊन गेला असेल. २००६ पर्यंत या मैदानावर एकूण नऊ कसोट्या झाल्या. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियानं इथंच ३४२ धावांनी जिंकून भारतातली मालिका खिशात घातली, ३५ वर्षांनंतर. गवताळ खेळपट्टीवरून तेव्हा जो गदारोळ झाला, तो अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. शेवटची कसोटी मार्च २००६ ची. त्यात वेस्ट इंडिजमधून घाईघाईनं बोलावलेल्या ॲलिस्टर कुकनं पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ केल्या. पुढं २०१२ मध्ये हाच कुक कर्णधार म्हणून जामठ्याला आला आणि भारतातली मालिका जिंकून गेला. शहर तेच, मैदान दुसरं.

पण सिव्हिल लाइन्सचा सगळ्यांत दाट दिवस ३१ ऑक्टोबर १९८७ चा. विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले, आणि विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक नागपुरात नोंदली गेली. मग २२२ धावांचं लक्ष्य भारतानं ३२.१ षटकांत, एक गडी गमावून गाठलं. अंगात ताप असलेले सुनील गावसकर ८८ चेंडूंत नाबाद १०३. कसोटीत ३४ शतकं करणाऱ्या माणसाचं हे एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं शतक, १०७ व्या सामन्यात. कारकीर्द १०८ सामन्यांची, म्हणजे हे एकुलतं एक शतक शेवटून दुसऱ्या सामन्यात आलं. आणि तारीख बघा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, आणि जन्मगाव नागपूर.

याच मैदानानं दाटीचा दुसरा चेहराही दाखवला. नोव्हेंबर १९९५ मध्ये भारत आणि न्यूझीलंडच्या एकदिवसीय सामन्यात गॅलरीची भिंत कोसळली आणि सामना बघायला आलेल्या माणसांचे जीव गेले. त्या दिवशी न्यूझीलंडनं ३४८ धावा केल्या, तेव्हाच्या मानानं डोंगर. तो आकडा कुणाच्या लक्षात नाही आणि राहूही नये. एवढी माणसं एका जागी गोळा करायची, तर आधी भिंती, जिने आणि बाहेर पडायच्या वाटा मोजाव्या लागतात. दहा दरवाजे आहेत आणि प्रत्येकातून सेकंदाला एक माणूस बाहेर पडतो असं धरलं, तरी ४५,००० माणसांना बाहेर यायला सव्वा तास लागतो. तोही कुणी अडखळलं नाही, चप्पल शोधायला वाकलं नाही तर.

नवं स्टेडियम २००८ मध्ये उभं राहिलं, शहराबाहेर, वर्धा रोडवर जामठा गावाजवळ. आराखडा शशी प्रभूंचा, ज्यांनी मुंबईचं वानखेडे उभारलं होतं. जाता जाता सांगायला हवं की ज्या शेषराव वानखेड्यांचं नाव मुंबईच्या त्या स्टेडियमला आहे, ते नागपूरचे महापौर होते. नाव विदर्भानं दिलं, मैदान मुंबईला झालं, आणि २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात त्याच वानखेडेवर मुंबईनं विदर्भाला १६९ धावांनी हरवलं.

जामठ्याची पहिली कसोटी ६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झाली, ऑस्ट्रेलियाशी. सौरव गांगुलीची ती शेवटची. ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाची पहिली. क्रेझानं त्या सामन्यात बारा बळी घेतले, पहिल्या डावात २१५ धावांत आठ आणि दुसऱ्यात १४३ धावांत चार. बेरीज ३५८ धावा. पदार्पणात इतके बळी घेतलेल्या गोलंदाजानं आनंद मानावा की इतक्या धावा दिल्याबद्दल मान खाली घालावी, हे त्यालाही ठरवता आलं नसेल. सामना ऑस्ट्रेलिया १७२ धावांनी हरला.

त्यानंतर या मैदानाचे आकडे जे वेडेवाकडे चालायला लागले, ते काही थांबले नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिका २ बाद ६ असताना हाशिम आमला आणि जॅक कॅलिस यांनी ३४० धावांची भागी केली. आमला नाबाद २५३. पुढं डेल स्टेननं भारताचे सात गडी ५१ धावांत उडवले. विश्वचषकात, १२ मार्च २०११ ला, सचिन तेंडुलकरचं ९९ वं आंतरराष्ट्रीय शतक इथंच झालं. भारत १ बाद २६७ वर होता. तिथून सर्व बाद २९६. नऊ गडी २९ धावांत! शेवटच्या षटकात आफ्रिकेला १३ हव्या होत्या आणि रॉबिन पीटरसननं चार चेंडूंत १६ काढल्या. भारताचा त्या विश्वचषकातला हा एकमेव पराभव. करंडक तर आपणच उचलला, पण त्या दिवशी जामठ्याहून परतणाऱ्या गाड्यांत कुणी बोलत नव्हतं म्हणतात, आणि मला ते पटतं.

३० ऑक्टोबर २०१३ ला ऑस्ट्रेलिया ६ बाद ३५०, भारत ४ बाद ३५१. एका दिवसात ७०१ धावा, ५९७ वैध चेंडूंत. विराट कोहली ६६ चेंडूंत नाबाद ११५. आता याच्याशेजारी नोव्हेंबर २०१५ ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी ठेवा. भारत २१५ आणि १७३, आफ्रिका ७९ आणि १८५. चार पूर्ण डाव, चाळीस बळी, आणि सगळ्या धावा मिळून ६५२. दोन वर्षांपूर्वी एका दिवसात झालेल्या धावांपेक्षा ४९ कमी! अख्ख्या सामन्यात एकाही फलंदाजाचं अर्धशतक नाही. रविचंद्रन अश्विनचे ९८ धावांत बारा बळी. सामना तिसऱ्या दिवशी संपला आणि आयसीसीनं खेळपट्टीला ‘पुअर’ असा शेरा मारला. काळ्या मातीची जात तीच. पाणी पाजलं की फुगते, सुकली की भेगाळते. विदर्भातल्या शेतकऱ्याला ते नवीन नाही. त्याच मातीवर रोलर कसा फिरला, गवत किती ठेवलं आणि पाणी कधी तोडलं, यावर ७०१ आणि ६५२ यांतलं अंतर ठरतं. पुन्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये याच मैदानावर भारताच्या एका डावात चार शतकं झाली. विजय १२८, पुजारा १४३, कोहली २१३, रोहित नाबाद १०२. श्रीलंका एक डाव आणि २३९ धावांनी हरली आणि अश्विननं ५४ व्या कसोटीत ३०० बळी पूर्ण केले, तोवरचा सगळ्यांत जलद.

आता त्या ७९ कडे येऊ. आफ्रिका नोव्हेंबर २०१५ मध्ये इथं ७९ धावांत बाद झाली. चार महिनेही उलटले नव्हते, आणि १५ मार्च २०१६ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात न्यूझीलंडच्या १२६ धावांचा पाठलाग करताना भारत इथंच सर्व बाद झाला. किती? ७९. नऊ गडी फिरकीनं काढले. आफ्रिकेसाठी लावलेला सापळा आपल्याच पायात अडकला, असं त्या दिवशी विदर्भातल्या प्रत्येक पानठेल्यावर बोललं गेलं असणार. पुढं मार्च २०१८ मध्ये इराणी करंडकाचा सामना इथं झाला. रणजी विजेत्या विदर्भानं शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० वर डाव सोडला. चाळिशीतला वसीम जाफर २८६. शेष भारताला ३९० वर गुंडाळल्यावर विदर्भ पुन्हा फलंदाजीला उतरला आणि सामना थांबला तेव्हा दुसऱ्या डावाच्या धावा होत्या बिनबाद ७९. फेब्रुवारी २०१९ मध्ये रणजीचा अंतिम सामना इथं विदर्भानं सौराष्ट्राविरुद्ध जिंकला, तो ७८ धावांनी. आदित्य सरवटेचे अकरा बळी, आणि चेतेश्वर पुजारा दोन डावांत मिळून एक धाव. एक धाव इकडं वाढली असती तर आकड्यांचा शौक असलेल्यांनी जामठ्याला मंदिर बांधलं असतं. छोट्या आकड्यांचा मान मात्र दीपक चहरचा. १० नोव्हेंबर २०१९ ला बांगलादेशाविरुद्ध ३.२ षटकं, ७ धावा, ६ बळी, हॅट्ट्रिकसकट. वीस चेंडूंत दर धावेला जवळजवळ एक बळी.

हे सगळं बघायला आपल्या वाट्याला किती जागा येते? विदर्भाची लोकसंख्या २०११ ला दोन कोटी तीस लाखांच्या आसपास. ४५,००० खुर्च्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या तर चंद्रपूर जिल्ह्याला ४,३०० च्या आसपास, गडचिरोलीला २,१००, आणि बल्लारपूर गावाला १७५. सगळ्या वैदर्भीयांनी एकेकदा भरलेल्या जामठ्यात सामना बघायचा ठरवलं, तर पाचशे बारा सामने लागतील. २००८ ते २०२३ या पंधरा वर्षांत तिथं कसोट्या झाल्या सात. रणजीला मात्र हा दुष्काळ नसतो. तिथं एकेका माणसाला आख्खी रांग मिळते आणि आडवं होऊन सामना बघता येतो. बल्लारपूरकराची आणखी एक सोय आहे. वरोरा, जाम, बुटीबोरी असं रस्त्यानं गेलं की नागपूरच्या आधी जामठाच लागतं. शहरात शिरायची गरज नाही.

खुर्च्यांपेक्षा खेळाडूंची वाटणी जास्त मनोरंजक आहे. विदर्भात जिल्हे अकरा आणि संघात माणसं अकरा. दर खेळाडूमागं लोकसंख्या येते एकवीस लाखांच्या जवळ. चंद्रपूर जिल्ह्याची २२ लाख, म्हणजे आमचा एक खेळाडू हक्काचा, वर थोडी शिल्लक. गडचिरोलीचा अर्धा. पण वाटणी क्षेत्रफळानं केली तर विदर्भाच्या ९७ हजार चौरस किलोमीटरांत गडचिरोलीचा वाटा इतका मोठा की दीड खेळाडूच्या पुढं जातो. माणसं मोजली तर अर्धा, जमीन मोजली तर दीड, आणि संघाची यादी चाळली तर बहुतेक पत्ते नागपूरचे. खेळपट्टी जिथं रोज कुणीतरी रोलर फिरवतं, तिथंच गोलंदाज तयार होतो. आमच्याकडं जमीन आहे. रोज रोलर फिरवणारा माणूस, त्याचा पगार आणि मे महिन्यात ४७ अंशांत त्या चौकोनाला घालायचं पाणी, हे जिथं जमलं तिथं संघ झाला.

संघ व्हायलाही वेळ लागला. विदर्भ या नावानं रणजीत पहिला हंगाम १९५७-५८ चा, पहिला करंडक २०१७-१८ चा. साठ वर्षं. तो जिंकला इंदूरच्या होळकर मैदानावर, दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून, रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकच्या जोरावर. नागपूरच्या सी. के. नायडूंनी ज्या होळकर संघाला रणजी मिळवून दिली, त्याच होळकरांच्या नावाचं मैदान. साठ वर्षं शून्य, आणि मग आठ मोसमांच्या आत तीन करंडक. तिसरा २ मार्च २०२५ ला जामठ्यातच, केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. त्या मोसमात हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा.

यातलं पहिलं मोठं नाव मात्र खाणीतून आलं. उमेश यादव नागपूर जिल्ह्यातल्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला, वडील खाणीत कामाला. आमच्याकडं अशा वसाहती कमी नाहीत आणि त्यांतलं टेनिस बॉलचं क्रिकेटही तेच. विशीच्या उंबरठ्यापर्यंत उमेशनं लेदरचा चेंडू धड हातात घेतला नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये तो पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला, त्याच महिन्यात जामठ्यात पहिली कसोटी झाली. नंतर ५७ कसोट्या, १७० बळी. विदर्भाकडून खेळणारा तो पहिला कसोटीपटू. भारतानं पहिली कसोटी १९३२ मध्ये नागपुरात जन्मलेल्या कर्णधाराच्या हाताखाली खेळली होती. विदर्भाचा खेळाडू भारताच्या कसोटी संघात उतरला नोव्हेंबर २०११ मध्ये. वजाबाकी वाचकांनीच करावी.